पुढच्या सीटवरचा मदनसिंग

माइक हातात आला की माझी जीभ मला विचारत नाही. मी शाळेत इतिहास शिकवतो, त्यामुळे गावातलं सूत्रसंचालनही माझ्याच गळ्यात. हनुमान जयंतीच्या भंडाऱ्यात उपसरपंच हरीओमभाऊंना सत्काराला बोलवायचं होतं. मी खणखणीत आवाजात म्हणालो, "आता फुटकं पोतं यांनी मंचावर यावं!"

हरीओमभाऊंच्या पोटावरून हे नाव ठेवलं होतं मदनसिंगनं. अख्ख्या ग्रामपंचायतीचं असं बारसं त्यानं केलं होतं, आणि गावात तीच नावं चालत. पंगतीत वाढप्यांचे हात थांबले. हसले एकटे सरपंच जगदेवराव, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

मदनसिंग तांड्यावरचा, दरसाल ऊसतोडीला जाणारा. एकदा जगदेवरावांची चिखलात रुतलेली जीप त्यानं काढून दिली, पुढच्या सीटवर बसला, तो मग उतरलाच नाही. घरकुल असो, टँकर असो, पोरीची सोयरीक असो, जगदेवराव म्हणत, "मदनले विचारा." मोठमोठे बागायतदार मागच्या सीटवर अंग चोरून बसत आणि हा पुढून मान वळवून त्यांना नावं ठेवी.

भंडाऱ्यानंतर सगळे सदस्य एक झाले. मदनसिंगला काढा, नाहीतर अविश्वास ठराव! जगदेवरावांनी खुर्ची राखली. मदनसिंगला दूर अनसिंग गावाकडच्या आपल्या संत्र्याच्या बागेत राखणीला धाडलं. "थोडे दिवस थांब, मी फोन करतो."

फोन काही आला नाही. शेवटी मीच माफी मागायला गेलो. मदनसिंग खाटेवर, मोबाइल पोटावर. रस्त्यावर गाडी वाजली की ताडकन उठे, ट्रॅक्टर निघाला की शिवी हासडून बसे.

"मास्तर, पुढच्या सीटवर कोन बसते आता?"

"हरीओमभाऊ."

"मंग सीट गेली कामातून." पण तो हसला नाही.

"तू फोन लावून पाह्यला का?"

"लावतो न! उचलतच नाही. मी अठी वानरं हाकलून राह्यलो. त्याईले बी नावं ठेवून झाले, पन हासाले कोनी नाही."

"चूक माझी रे, माइकवर मीच बोललो."

"तुमी निस्तं बोलले. नाव तं माहंच होतं."

समजूत घालायची तर मला इतिहासाशिवाय काय येतं? मी सांगू लागलो. इंग्लंडात एका राजाचा असाच एक लाडका होता, बाहेरून आलेला. सरदारांना नावं ठेवायचा, आणि राजा पोट धरून हसायचा. राजानं त्याला दूर धाडलं, परत आणलं, शेवटी सरदारांनी त्याची मान उडवली.

"आन् राजा?"

"राजा लई रडला म्हणतात."

मदनसिंगनं मोबाइल खाटेवर पालथा टाकला.

"रडून काय उपेग, आदी हासाले कोनं सांगतलं होतं त्याले?"