शेततळ्याच्या फोटोत मालक पाहिजे

चार गावं सांभाळणाऱ्या कृषी सहायकाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. बांधावरून चालताना पॅन्टला कुसळं चिकटावीत तसे ते चिकटतात, आणि घरी आल्यावर टोचायला लागतात. मित्र म्हणतात, "सांग ना एखादा!" मी सांगतो, ते पोट धरून हसतात. मला मात्र हल्ली तेवढं हसू येत नाही.

*

रिठदच्या दिनकररावांना शेततळं मिळालं. पाणी मुरू नये म्हणून तळ्यात अंथरायच्या जाड प्लास्टिक कागदाचंही अनुदान मिळालं. पावसाळा संपल्यावर पाहायला गेलो, तर तळं कोरडं अन् कागद गायब! शेजारी हरभरा माना टाकून उभा.

"दिनकरराव, कागद कुठं गेला?"

"उन्हाळ्यात पोरीचं लगन होतं ना साहेब. अवकाळीचा भेव होता, म्हनून मांडवावर टाकला. काढताना फाटला."

"अहो, पण तळं..."

"पन एक थेंब गळला नाही मांडवात! सरकारचा कागद एक नंबर!"

*

अनसिंगच्या एका काकांनी अनुदानातून ठिबक घेतलं. नळ्यांची वेटोळी घरात माळ्यावर, जशीच्या तशी पॅक! इकडे वावरात मोटर चालू आणि पाणी सऱ्यांमधून मोकाट चाललेलं.

"काका, ठिबक वापरत काहून नाही?"

"एवढी महागाची वस्तू! उन्हात खराब होईन ना!"

दोन उन्हाळ्यांनी त्यांची विहीर आटली. ठिबक अजूनही नवंकोरं आहे.

*

महादेव आणि गजानन, सख्खे भाऊ. मधल्या बांधावर महादेवनं अनुदानातून आंबे लावले. घागरींनी पाणी घालून जगवले. झाडं डोक्याएवढी झाली, आणि एका सकाळी सगळी आडवी!

गजानन लपवालपवी करणारा माणूस नाही. म्हणाला, "मीच तोडले. सावली माह्या वावरात पडून राह्यली, अन् अनुदान त्याच्या खात्यात!"

महादेव वाळलेल्या फांद्या बैलगाडीत भरत राहिला.

*

आसेगावचा सुखदेव दुसऱ्याचं वावर बटाईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करायचा. मालक पुण्याला. तळं कुठं खोदायचं ते सुखदेवनं दाखवलं, मशीन आली तेव्हा दिवसभर उन्हात तोच उभा राहिला. पण अनुदान मालकाचं, म्हणून फोटोत मालक पाहिजे!

मालक कारनं आला. बांधावर उतरून चहूकडे पाहिलं आणि सुखदेवलाच विचारलं, "यातलं आपलं वावर कोणतं?"

सुखदेवनं हात करून दाखवलं. फोटो निघाला.

पाण्याची सोय झाली तशी मालकानं संत्र्याची बाग लावायचं ठरवलं. वावर सुखदेवकडून काढून एका ठेकेदाराला दिलं. सुखदेव दुसरीकडे मजुरीला लागला.

गेल्या पावसाळ्यात मी तपासणीला गेलो. तळ्यात पाणी येतं त्या तोंडाशी कोणीतरी वाकून फावड्यानं गाळ ओढत होतं. जवळ जाऊन पाहिलं, तर सुखदेव!

"सुखदेवभाऊ, तुमी इथं कायले?"

तो दचकून उभा राहिला. चिखलाचे हात धोतराला पुसले.

"काई नाही साहेब. इथून जाऊन राह्यलो होतो, पानी अडलेलं दिसलं." मग थोडं जवळ येऊन हळूच म्हणाला, "मालकाले सांगू नोका."