आमदारांची फीत आणि मार्चअखेर

मार्च संपायला दोनच दिवस उरले होते. नत्थूभाऊंच्या राईस मिलवरचे सोलर पॅनेल भर उन्हात नुसते तापत होते. मीटर बसला होता, मंजुरी आली होती, फक्त स्विच दाबायचा होता. तो आमदारसाहेब दाबणार होते आणि साहेबांना वेळ नव्हता.

मी तुमसरात सीए आहे. पॅनेल घ्यायचा सल्ला माझाच होता. यंत्र झिजतं, म्हणून त्याच्या किमतीचा काही भाग नफ्यातून वजा करता येतो. त्याला घसारा म्हणतात. सोलरला सरकार तो भरपूर देतं, पण यंत्र ३१ मार्चच्या आत वापरात यायला हवं. एप्रिल उजाडला की त्या वर्षाची सवलत गेली. नत्थूभाऊंनी तिच्याच भरवशावर कर्ज काढलं होतं.

मी मिलमधूनच साहेबांच्या पीएला फोन लावला.

"मॅडम, साहेब मुंबईत आहेत. पुढच्या आठवड्यात बघू."

"तोवर सवलत जाईल हो!"

"सवलत साहेबांच्याच सरकारनं दिली ना? मग थोडं थांबा की."

नत्थूभाऊ रडकुंडीला आले. "साहेबाले न इचारता सुरू केलं, तं सरकारी धान भरडाले कोन देईल मले?"

भीती खोटी नव्हती. सरकारनं खरेदी केलेलं धान तांदूळ काढायला कोणत्या मिलला द्यायचं, यात साहेबांचा शब्द चालायचा आणि ही मिल त्या धानावरच चालत होती.

त्यांच्या पत्नी सुमनताई मिलच्या फर्ममध्ये पार्टनर आहेत. त्या उठल्या. "कायले भेऊन राहिले? साहेबाले फीत पायजे, वीज नाई." आणि त्यांनी सरळ स्विच दाबला. मिल सोलरवर धडधडू लागली, तसं माझं काळीजही.

एप्रिलमध्ये साहेब आले. तासभर आधी आम्ही सोलर बंद करून ठेवलं. त्यांनी फीत कापली, बटण दाबलं, टाळ्या पडल्या. भरडाईचं काम टिकलं. मी हुश्श केलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला: 'मिलमध्ये सौरवीज सुरू, आमदारांच्या हस्ते शुभारंभ'.

तेच कात्रण पुढे आयकर अधिकाऱ्यांच्या टेबलावर दिसलं.

"हे तर एप्रिलमध्ये सुरू झालं!"

सोलरच्या इन्व्हर्टरमध्ये रोज तयार झालेल्या विजेची नोंद राहते. मी मार्चची नोंद पुढे केली. त्यांनी ती दोनदा तपासली.

"मग एप्रिलमध्ये उद्घाटन कशाचं केलं?"

"फितीचं, सर."

ते हसले नाहीत, पण सवलत मान्य केली.

आता मार्चमध्ये सोलरवाला क्लायंट आला, की कागद बघण्याआधी मी विचारते, "फीत कोण कापणार आहे?"