फ्लॉप्यांना लावलेलं हळदकुंकू

आमचे विभागप्रमुख मला कधीच आवडले नाहीत. ते गेल्याचं कळलं तेव्हाही माझं मत बदललं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. ज्यांना जमतं त्यांनी बोलावं.

ऐंशीच्या दशकात बेळगावच्या एका तंत्रशिक्षण संस्थेत मी संगणकाचा संशोधक विद्यार्थी होतो. वडील निपाणीला तंबाखूच्या वखारीत हमाल, आई विड्या वळायची, घर बौद्ध. माझं काम होतं मराठी आणि कानडी अक्षरं संगणकाच्या पडद्यावर उमटवण्याचं. चौकटीच्या कागदावर एकेक अक्षर टिंबाटिंबांनी काढायचं आणि ती टिंबं आकड्यांत यंत्राला सांगायची. एकट्या ‘क्ष’नं माझा जीव खाल्ला होता. पण शेवटी तोही पडद्यावर नीट उभा राहिला, आणि त्या दिवशी मी मेसमध्ये दोन माणसांचं जेवण जेवलो.

हे सगळं दोन फ्लॉप्यांवर साठवलेलं. फ्लॉपी म्हणजे काळ्या चौकोनी वेष्टनातली पातळ तबकडी. वेष्टनाला एक लांबट खाच असते, तिथून यंत्र वाचतं. त्या खाचेला घामाचं बोटसुद्धा लागता कामा नये, हे विभागप्रमुखांनीच आम्हाला पहिल्या दिवशी दटावून सांगितलं होतं. फ्लॉपी प्रयोगशाळेबाहेर न्यायची नाही, हा नियमही त्यांचाच. त्यामुळे माझी मूळ प्रत आणि जादा प्रत, दोन्ही त्यांच्याच कपाटात.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक यायचे होते. त्यांना पडद्यावर अक्षरं दाखवायची, पदवी घ्यायची, आणि तिथंच रिकामी असलेली अधिव्याख्यात्याची जागा मिळवायची, असा माझा बेत. जागेच्या मुलाखती त्याच महिन्यात होत्या. निपाणीत आमच्या गल्लीनं तर मला आधीच ‘सर’ करून टाकलं होतं.

उद्यमबागेतल्या कारखान्यांत खंडेनवमीला लेथ मशिनी पुसून त्यांना झेंडूच्या माळा घालतात. घालू देत. लोखंडाला कुंकवानं काही होत नाही. पण त्या वर्षी आमच्या साहेबांच्याही डोक्यात आलं की संगणकाची पूजा करायची. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, “तुमच्यात चालत नसेल तर तू येऊ नकोस. आम्ही काही वाईट वाटून घेणार नाही.” तो ‘तुमच्यात’ मला शाळेपासून ओळखीचा होता. मी गेलो नाही.

दसऱ्याला मात्र मला राहवेना. उद्याच्या आधी एकदा सगळं चालवून बघावं म्हणून मी प्रयोगशाळेच्या शिपायाकडे गेलो. त्यांना सगळेच अण्णा म्हणत.

“अण्णा, जरा दार उघडा की. अर्ध्या तासाचं काम हाय.”

“आज न्हाय रं. पूजा मांडलीया. उद्या सर येऊन नारळ हलवल्याबिगर यंत्राला हात लावायचा न्हाय, असं सांगून गेल्यात.”

दुसऱ्या दिवशी नारळ हलला आणि मी आत गेलो. पाटावर शाळेतल्या पाट्यांसारख्या फ्लॉप्या मांडलेल्या होत्या, कागदी पाकिटांतून बाहेर काढून; माझ्या दोन्ही त्यांतच. प्रत्येकीच्या बरोबर त्या खाचेवर ओलं हळदकुंकू वाळून बसलं होतं.

“हे कुणी लावलं?”

“सरांनी, सोताच्या हातानं,” अण्णा म्हणाले. “यंत्र विद्या तिथनंच वाचतंय म्हणं. मग तिथंच लावाय पायजे म्हणाले.”

मी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून पाहिलं. पहिली फ्लॉपी यंत्रानं खरखरून नाकारली, दुसरीही. पडद्यावर एक अक्षर उमटलं नाही. मला रडू यायला हवं होतं. मला साहेबांचं डोकं त्या पाटावर आपटावंसं वाटत होतं.

परीक्षक पुण्याचे होते, मऊ आवाजाचे. काळ्या पडद्याकडे बघून त्यांनी भुवया उचलल्या. विभागप्रमुख म्हणाले, “फ्लॉप्यांची काळजी विद्यार्थ्यानं घ्यायची असते. हा पूजेच्या दिवशी हजरच नव्हता.”

“सर, तुम्हीच मला येऊ नको म्हणालात.”

“मी?” ते परीक्षकांकडे बघून हसले. “आमच्या विभागात असलं काही चालत नाही हो. सगळी मुलं सारखी.”

परीक्षकांनी माझे चौकटीचे कागद चाळले, काम चांगलं दिसतंय म्हणाले आणि परीक्षा सहा महिने पुढं ढकलली. सहा महिन्यांत मी सगळी टिंबं पुन्हा घातली, पदवी मिळाली. पण जागा त्याच महिन्यात भरली गेली होती. ज्याला मिळाली तो मुलगा पूजेच्या दिवशी तबक धरून उभा होता.

पण विभागप्रमुखांपेक्षाही मला जास्त राग येतो तो त्या परीक्षकांचा. त्यांना सगळं कळलं होतं. दारापर्यंत मी त्यांना सोडायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि वडीलधाऱ्या प्रेमानं म्हणाले, “पुढच्या वर्षी पूजेला येत जा. मिळून मिसळून राहिलं की अडचणी येत नाहीत.”

मी तो हात खांद्यावरून काढून बाजूला केला. त्यांना ते लागलं, आणि मला बरं वाटलं.