सणाचा निरोप बायकांनीच आणायचा

मी शाळेत दोन वर्षं बसलो, तेवढ्या शिदोरीवर हे लिहितोय. आमचं बोलणं भिली, लिहिणं मराठी. चुकलं तर चुकलं.

आमची वस्ती खापर गावाच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. मिशनचं प्रार्थनेचं घर आमच्या बापांनी बांधलं, तेव्हापासून ईस्टरचा सण आहे. तो चंद्रावर ठरतो. कधी होळीच्या पाठोपाठ येतो, कधी महिनाभर लांबतो. डोंगरातले आमचे भाऊबंद ढोल वाजवून होळी करतात. आमचा सण मात्र गुपचूप, पहाटेचा.

रीत अशी पडली. मिशनच्या पहिल्या मडमबाईने शास्त्रातली गोष्ट सांगितली, की सूर्य उगवायच्या आत बायका सुगंधी मसाले घेऊन प्रभूच्या थडग्याशी गेल्या. धोंडा सरकलेला, आत कोणी नाही. त्यांनी येऊन पुरुषांना सांगितलं तर पुरुषांना ते खरं वाटेना. हे ऐकून आमच्या म्हाताऱ्या म्हणाल्या, मग आम्हीच जाणार. सुगंधी मसाले कुठून आणणार? तेव्हा मोहाची फुलं पडत होती, त्यांनी तीच टोपलीत घेतली. मिशनचा साहेब म्हणाला, हे दारूचं फूल. एक म्हातारी म्हणाली, "साहेब, आम्ही वास घेतोय, पीत नाही."

तर बायका फुलं घेऊन कबरस्तानात जातात, आपापल्या माणसांच्या मातीवर टाकतात. पुरुष मोठ्या मोहाखाली बसून राहतात. मग प्रत्येक बाई येऊन आपल्या घरच्या पुरुषाला सांगते, प्रभू उठलाय. तो म्हणतो, खरंच उठलाय. मगच तो जागचा हलतो. सांगितल्याशिवाय हलायचं नाही.

माझी बायको सांगायची तेव्हा सोबत आणखी चार गोष्टी सांगायची. "प्रभू उठलाय. आणि तुझ्या आईच्या मातीवर काटे वाढलेत, ते काढायचं तुला सुचत नाही." मी म्हणायचो, खरंच उठलाय, काटे उद्या काढतो. माझा सण हा एवढाच.

ती माघात तापाने गेली. तरस उकरेल म्हणून मी वर धोंडे रचले. मुलगी गुजरातकडे दिलेली, ती तिच्या नवऱ्याला सांगणार. सण जवळ आला तसं मला एकच लागून राहिलं, की मला आता कोण सांगणार. दुसऱ्याला हे हसू येण्यासारखं वाटेल. मला जेवण गोड लागेना.

त्या पहाटे मी बायकोची टोपली घेतली, फुलं वेचली आणि बायकांच्या मागे चालायला लागलो. पुढे आमची सुईण होती. तिने वळून पाहिलं.

"दाढी घेऊन कुठं निघालास?"

"फुलं टाकायला."

"दे इकडं, तुझ्या वाटची मी टाकते. तू झाडाखाली जाऊन बैस."

"टाकशील. मग मला येऊन सांगशील का?"

मागून एक सून फिदकन हसली. सुईण हसली नाही. म्हणाली, "माझा म्हातारा तिथं बसलाय. एका बाईनं दोन दोन पुरुषांना सांगितलं तर तो मला घरात घेईल का? चल, आलास तर मागं चाल. बोलू नको."

कबरस्तानात पोचेपर्यंत तांबडं फुटलं. मी धोंड्यांवर फुलं टाकली. सुईण मोठ्यानं म्हणाली, प्रभू उठलाय, आणि बाया एकमेकींकडे बघून तेच म्हणाल्या. माझ्याकडे बघून कोणी म्हणालं नाही. खरं सांगायचं तर मला तिथं काहीच वाटलं नाही. धोंडे धोंड्यांसारखे होते, फुलांना मुंग्या लागल्या.

परत आल्यावर बाया मोहाखाली गेल्या, आपापल्या पुरुषांशी बोलल्या, जोडीजोडीनं सगळे निघाले. एक म्हातारा तेवढा राहिला. मिशनची बैलगाडी हाकायचा तो. त्याची बायको फार वर्षांपूर्वी गेलेली. दर ईस्टरला तो असा मागं राहताना मी पाहिलेला, पण माझ्या मनात एवढंच यायचं, की म्हाताऱ्याचे गुडघे धरले असतील.

मी त्याच्यासमोर जाऊन म्हणालो, "काका, प्रभू उठलाय."

त्याने माझ्या टोपलीकडे पाहिलं. "बाईचं काम तू का करतोस?"

"तुला कोणी सांगत नाही म्हणून."

"इतकी वर्षं नाही सुचलं तुला."

मी त्याच्या शेजारी बसलो. विचारलं, "काकू कशी सांगायची?"

त्यानं बराच वेळ आठवून पाहिलं. "शब्द तेच. आवाज कसा होता ते गेलं डोक्यातून."

तोवर मला वाटत होतं, बायको गेली म्हणजे सगळं जायचं ते जाऊन झालं. अजून जायचं बाकी आहे, हे मला माहीत नव्हतं.

घंटा झाली. म्हातारा झाडाला धरून उठला. "चल. मी घंटेवर उठतो. कोणी विचारत नाही."

"तू जा," मी म्हणालो.

तो गेला. आत गाणी चालू झाली. मी बसून तिचं बोलणं मनात घोळवत राहिलो, तिच्याच आवाजात, काट्यांसकट. दोनदा नीट ऐकू आलं. तिसऱ्यांदा त्यात माझाच आवाज मिसळला, तेव्हा मी थांबलो. वापरून झिजेल अशी भीती वाटली.

उपासना सुटल्यावर पाळक माझ्याकडे आले. "आत का आला नाहीस?"

"मला अजून कोणी सांगितलं नाही."

"अरे, शास्त्रात लिहिलंय की."

"लिहिलेलं मला वाचता येतं, पाळकसाहेब. हळूहळू येतं, पण येतं."

त्यांना कोणी हाक मारली, ते तिकडे गेले. घरी येऊन मी सणाचा भात टाकला. दोघांच्या अंदाजाने तांदूळ घेतले, ते शिजल्यावर लक्षात आलं. उरलेला भात दुपारी त्या गाडीवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने तो खाल्ला. दोघांपैकी कोणी सणाचं बोललं नाही.