बॉनेटवरचा जवळा

अंजूरला गोदामांच्या मागे ती गंजकी जीप उभी होती आणि बॉनेटवर एक मावशी जवळा वाळत घालत होत्या. जीप त्यांच्या नवऱ्याची. ते गेल्यावर मुलाने विकायला काढली होती. अशी जुनी जीप घ्यायची, दुरुस्त करायची आणि डोंगरात न्यायची, हे माझं कधीपासूनचं वेड. पण इथे बोट लावलं की पत्रा सुटत होता.

"मावशी, इंजिन बघू का?"

"घ्याची असल तरच जवला काढते," त्या पदराने स्टिअरिंग पुसत म्हणाल्या. अख्ख्या गाडीत तेवढंच चकचकीत होतं. "उघडून बगलं का कोन घेत न्हाय."

न बघता हो म्हटलं तर घरी काय तोंड दाखवू? नाही म्हणावं तर पाय निघेना. शेवटी डोळे मिटून म्हणून टाकलं, "घेतो."

त्यांचा पुसता हात थांबला. माझ्याकडे न बघता त्यांनी सूप ओढलं आणि घाईघाईने जवळा भरायला घेतला.

"आदी उघडून तरी बग ना, भाऊ."