कोंढावालीची कुंडी

प्लास्टिकच्या फुलांना रोज सकाळी नेमानं पाणी घालणारी बाई साऱ्या भंडारा जिल्ह्यात एकच असेल, आणि पदवी हाती येईपर्यंत मी तिच्याच घरात राहिले, हे मी माझं भाग्य समजते. त्या माझ्या घरमालकीण. मी त्यांना मावशी म्हणायची. वरठीला स्टेशनापासून थोड्या अंतरावर त्यांचं घर होतं आणि घरापुढे लोखंडी जाळीचा पोर्च. आमच्या घराण्यात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे मला पोचवायला बाबा स्वतः कोंढ्याहून आले होते, डोक्यावर माझी पेटी घेऊन. फाटकाशी पोचताच मावशींचा आवाज आला, "या भाऊ, आत या. फक्त लाखनीवालीले धक्का नका लावजा, ते जरा नाजूक आहे." बाबांनी अंग चोरलं आणि इकडेतिकडे पाहिलं. पोर्चमध्ये कोणीच नव्हतं. गेरू लावलेल्या, चुन्याची किनार काढलेल्या सिमेंटच्या कुंड्यांची एक रांग होती आणि सगळ्यात पुढच्या कुंडीत एक पांढरी लिली होती. बाबा शेतकरी माणूस. दोन पावलांवरून त्यांना कळलं की हे फूल जमिनीतून आलेलं नाही. तरीही त्यांनी पेटी खाली ठेवली आणि त्या लिलीला हात जोडून नमस्कार केला. परत निघताना मला फाटकापाशी बोलावून हळूच म्हणाले, "बाई चांगली दिसते, पोरी. पण सांजच्या टायमाले पोर्चमंधी बसू नको."

मावशींच्या मागच्या खोलीत माझ्याआधी बऱ्याच मुली शिकून गेल्या होत्या. जी मुलगी शिक्षण संपवून जायची, तिच्या गावची माती मावशी मागून घ्यायच्या, कुंडीत भरायच्या आणि त्या मुलीला शोभेलसं एक खोटं फूल त्यात रोवायच्या. मग त्या कुंडीला त्या गावाचं नाव. लाखनीवाली म्हणजे लिली, तुमसरवाली म्हणजे गुलाबांचा गुच्छ, साकोलीवाली म्हणजे लालभडक जास्वंद. मुली आपापल्या नोकरीला, सासरी निघून गेल्या होत्या, पण मावशींच्या बोलण्यात त्या रोज पोर्चमध्येच असायच्या. "तुमसरवाली, सरळ उभी राय वो, लगन झालं तरी वाकूनच चालते," असं त्या पाणी घालताना म्हणायच्या आणि खोलीत अभ्यास करताना मला उगाचच वाटायचं, आता पलीकडून उत्तर येणार. आठवड्याला एकदा फुलांची आंघोळ. बादलीत शांपू टाकून मावशी एकेक फूल चोळायच्या आणि कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी उलटं टांगायच्या. पहिल्यांदा ते दृश्य पाहिलं तेव्हा मी ओला टॉवेल हातात घेऊन तशीच मागे फिरले. ते गुलाब फाशी दिल्यासारखे खाली मान घालून लटकले होते. उन्हाळ्यात रंग उडू नये म्हणून कुंड्यांवर जुन्या लुगड्याचा मांडव पडायचा. आणि रोज दुपारी चार वाजले की मावशी सगळ्या फुलांची तोंडं स्टेशनच्या रस्त्याकडे वळवायच्या. "पोरी त्याच वाटेनं येतेत न," हे त्यांचं कारण. भंडाऱ्याहून कॉलेज आटोपून मी दिवेलागणीला परतायची, तेव्हा वारा नसला तरी सगळी फुलं माझ्याकडेच बघत असायची. मी मान खाली घालून, चपला हातात घेऊन आत जायची. आपणही एक दिवस इथं कुंडी होऊन उभ्या राहणार आहोत, हा विचार त्या वयात काही सुखाचा नव्हता.

मी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी. असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा नाही, हे मी ठरवलं होतं आणि फुलं मला तसं करू देत नव्हती. एका संध्याकाळी लाखनीवालीची मान लटकली. आतली तार वाकली होती, एवढंच. मावशींनी तार सरळ केली नाही, आधी फोन लावला. पलीकडे ती मुलगी खरंच तापानं फणफणली होती. मी स्वतःला समजावलं की पावसाळा आहे, घरोघरी ताप आहे. मग शेजारच्या काकूंचा प्रकार झाला. त्या नव्यानंच राहायला आल्या होत्या. पहाटे फिरायला जाताना दुसऱ्याच्या अंगणातली फुलं देवासाठी तोडायची, ही आपल्याकडची पद्धतच आहे, तिला कोणी चोरी म्हणत नाही. अंधुक उजेडात काकूंनी जाळीतून हात घालून साकोलीवालीची जास्वंद खुडली आणि देवाला वाहिली. पुढे काही दिवस त्या आळीभर सांगत फिरत होत्या, "बाप्पा, पायजा तरी! देवापुढचं फूल सुकतच नाई. माह्या घरी साक्षात चमत्कार होऊन राहिला!" बायका हळदीकुंकू घेऊन दर्शनालाही गेल्या. इकडे मावशींचं जेवणावरचं मन उडालं होतं, कारण कुंडी रिकामी आणि साकोलीच्या मुलीचा फोन लागत नव्हता. शेवटी दर्शनाच्या रांगेत मावशी मलाही घेऊन गेल्या. देवापुढे पोचल्यावर त्यांनी नमस्कार केला आणि सरळ फूल उचललं.

"अवो, देवाचं फूल कायले उचलून राहिल्या?" काकू ओरडल्या.

"देवाचं नोहोय. साकोलीवाली आहे ते. तुमच्या देवाले सांगजा, तिले घरी नेलं म्हणून."

आम्ही पोर्चमध्ये आलो. मावशींनी जास्वंद पदरानं पुसली, कुंडीत खोचली आणि पाण्याचा तांब्या हातात घेतला. तेवढ्यात घरातला फोन वाजला. साकोलीची मुलगी होती. तिचा मोबाइल पाण्यात पडला होता म्हणे, आज दुरुस्त होऊन आला. मावशी हसत बोलत राहिल्या आणि मी दाराशी उभी राहून जास्वंदीकडे पाहत राहिले. तिच्या पाकळीवर देवघरातलं कुंकू लागलेलं होतं.

त्या रांगेच्या शेवटी एक कुंडी होती, जिच्यात फूल नव्हतं. नुसती माती. मावशी तिलाही पाणी घालायच्या, पण तिच्याशी बोलायच्या नाहीत आणि तिचं तोंड कुठं वळवायचं हा प्रश्नच नव्हता. उन्हाळ्यात संध्याकाळी त्या कोपऱ्यात मोगऱ्याचा वास यायचा. आमच्या अंगणात मोगरा नव्हता, शेजारीपाजारी नव्हता. कोणाची अगरबत्ती असेल म्हणून मी शोधलंही. पुढे त्याच काकूंनी आळीतल्या जुन्या बायकांकडून ऐकलेलं मला सांगितलं, चमत्काराचा राग विसरून, अगदी हळू आवाजात. मावशींना एक मुलगी होती. नागपूरला होस्टेलवर शिकायला जाताना तिनं त्या कुंडीत मोगरा लावला आणि आईला बजावलं, "माह्या मोगऱ्याले पाणी घालजो." भावाकडच्या लग्नात मावशी गुंतल्या, परत आल्या तेव्हा मोगरा करपला होता. त्याच आठवड्यात तापानं मुलगी गेली. त्या दिवसापासून मावशींनी पोर्चमध्ये जिवंत रोप येऊ दिलं नाही आणि मागची खोली मात्र शिकणाऱ्या मुलींसाठी उघडी केली. परीक्षेच्या दिवसांत त्या माझ्या दाराशी चहा ठेवून जायच्या आणि माझा दिवा बंद होईपर्यंत पलीकडच्या खोलीत जाग्या राहायच्या. हे कळल्यावर मी चपला हातात घेऊन आत जाणं सोडलं. फुलांना "आली वो मी" असं सांगून आत जाऊ लागले.

निकाल लागला. बाबा पेढे घेऊन आले आणि मावशींनी मागितल्याप्रमाणे खताच्या रिकाम्या पोत्यात माती घेऊन आले, आमच्या बांधीतली, जिथं आम्ही वासाचं चिन्नोर धान लावतो. मावशींनी माझ्यासाठी सूर्यफूल निवडलं होतं. "लंबी मान आन् सदा इकडं तिकडं पायते, तुह्यासारखं," म्हणाल्या. माझी कुंडी कोंढावाली म्हणून रांगेत बसली आणि मी गोंदियाला नोकरीवर रुजू झाले.

पाऊस चांगला लागला होता तेव्हा मावशींचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "लवकर ये पोरी. तुह्या कुंडीत काहीतरी जित्तं निंगालं."

रविवारी गेले. सगळी फुलं रस्त्याकडे पाहत होती, फक्त माझं सूर्यफूल भिंतीकडे वळवलेलं होतं. त्याच्या बुडाशी चांगली बोटभर उंच, हिरवीगार पाती उभी होती. मी वाकून पाहिलं आणि मला हसू आलं.

"मावशी, धान आहे हे. बाबांच्या मातीत गेल्या हंगामाचे दाणे राहिले असतील. तुम्हीच पाणी घालून उगवलंत."

मावशी हसल्या नाहीत. जाळीला धरून उभ्या होत्या. "उपटून टाक. माह्या हातानं होत नाई."

"कायले उपटू? वाढते ते."

"वाढते, मंग मरते. तुह्या नावाची कुंडी आहे, बाई. मले आता पुन्हा नाई सोसणार."

त्या क्षणी मला भीती वाटली, हे मी लपवत नाही. लाखनीवालीची मान आठवली. पण बांधीतलं उगवलेलं धान हातानं उपटायचं, हे आमच्या घरात कोणी मला शिकवलं नव्हतं. मी सूर्यफूल काढलं, कुंडीच्या बुडाचं भोक चिखलानं बुजवलं आणि पातीभोवती पाणी उभं राहील असं केलं. "राहू द्या," म्हटलं. "मी रोज फोन करीन. मी बोलून राहिली म्हणजे जित्ती आहे, असं समजजा."

आणि मी केला. माझी तब्येत आणि कुंडीतल्या पाण्याची उंची, हे दोनच विषय असायचे. धान पोटरीला आलं, लोंब्या निघाल्या. दिवाळी झाली आणि एका सकाळी मावशी फोनवर रडत होत्या, "पिवळी पडून राहिली तू. पाणी घालून घालून थकली मी. खालून पुरी वाळून गेली."

मी विळा घेऊनच गेले. मावशींना जवळ बसवलं. एक लोंबी त्यांच्या तळहातावर चोळली आणि फुंकर मारली. फोलपट उडालं, दाणे राहिले. "पाहा," मी म्हटलं, "मोगरा वाळला तर वाळला. धानाचं तसं नसते. पिवळं झालं म्हणजे मेलं नाही, पिकलं. आमच्याकडं याचीच वाट पाहतात." मावशींनी एकेक दाणा बोटानं सरकवून पाहिला. मग माझ्या हातातून विळा घेतला, डोळे मिटले आणि कापणी केली. एका मुठीत मावली. मग डोळे उघडून आधी माझ्याकडे पाहिलं, मी आहे ना म्हणून.

पुढच्या वर्षी पाऊसकाळ सरत आला तेव्हा मी सहज गेले. माझं सूर्यफूल पुन्हा रांगेत, मान लांब करून. आणि शेवटच्या, त्या रिकाम्या कुंडीत धान उभं होतं, गेल्या साली कापलेल्या त्या मुठीतल्याच दाण्यांचं, फुलोऱ्यावर आलेलं. मावशी त्याच्याशी काहीतरी बोलत होत्या. मला पाहून थांबल्या. ऊन कललं होतं. फुलोऱ्यातल्या चिन्नोराचा वास मी लहानपणापासून ओळखते, म्हणून मी ओढीनं वाकले आणि तशीच थांबले. वास मोगऱ्याचा होता.

"येते न वास?" मावशींनी विचारलं.

"येते."

"कायचा, ते नको सांगू," त्या म्हणाल्या आणि हलक्या हातानं कुंडी रस्त्याकडे वळवली.