वावटळीच्या पोटात

वाऱ्याचा एवढा नाद असलेला माणूस अख्ख्या बेळगावात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्या घरच्यांची मला आत्ताच दया येते. हा माणूस म्हणजे माझे मामेसासरे. शहापुरात साड्यांचं चांगलं चालतं दुकान. पण चैत्र लागला की गिऱ्हाइकं नोकराच्या गळ्यात मारून मामा कंग्राळीच्या नांगरलेल्या रानात वावटळी शोधत फिरायचे. अमेरिकेत म्हणे घरंच्या घरं उचलणाऱ्या वावटळींत यंत्रं उडवतात. मामांच्या वाट्याला पालापाचोळा आणि फार तर कुणाचा वाळत घातलेला टॉवेल उचलणारी वावटळ यायची. उत्साह मात्र अमेरिकेचा. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडून त्यांनी जुना ड्रोन घेतला, त्याला घरातला ताप बघायचा थर्मामीटर बांधला आणि मला बजावलं, "जावईबापू, वावटळीच्या पोटात काय हाय ते बघितल्याबिगर मी मरणार न्हाय!"

ड्रोन हरवू नये म्हणून त्याला मागावरच्या रेशमाचा दोर लावणं हे साडीवाल्यालाच सुचावं. दोर पंख्यात गुंतला आणि ड्रोन आंब्याला लटकला. "रेशीम लई चिवट हाय, पंखाच कच्चा," एवढा शोध त्या दिवशी लागला.

मामी डबा घेऊन सोबत असायच्या, नाहीतर मामा उपाशीच राहायचे. वावटळ म्हणजे भूत, आणि भुतावर पायातली चप्पल फेकायची, ही त्यांच्या माहेरची रीत. मागच्या चैत्रात एक खरोखरीची दांडगी वावटळ उठली. ड्रोन तिच्यात शिरला, मामा "गेलं, आत गेलं!" म्हणून नाचू लागले, आणि वावटळ त्यांच्याकडेच वळली. मामींनी चप्पल काढली. "माझ्या माणसाला धरतोस व्हय रं, मुडद्या!"

"अगं, फेकू नको, ड्रोन हाय त्यात!"

नेम मात्र अचूक होता. ड्रोनचे तुकडे झाले, फक्त कॅमेऱ्यातलं कार्ड वाचलं. परतताना मामा रुसून बसमध्ये वेगळ्या सीटवर बसले.

दिवाळीआधी मामी गेल्या.

यंदा चैत्रात मी मुद्दाम म्हणालो, "मामा, रानात जाऊ या." ते उठले नाहीत. त्यांनी टीव्हीवर ते चित्रण लावलं. तांबडी धूळ गरागरा फिरत होती. मग मधेच मोकळं झालं आणि खाली मामी दिसल्या. पदर उडालेला, एक पाय तापल्या मातीत अनवाणी, हात उगारलेला. चप्पल यायच्या आत मामांनी चित्र थांबवलं.

"बघितलो, जावईबापू," ते म्हणाले, "पोटात ही हुती."

मामांनी पुन्हा पहिल्यापासून लावलं.